पहिल्या भागाचा कैवारी

३ जून
डायनासोरच्या सिनेमाचा नवा भाग आला. पाहणार नाही. पहिला भाग लग्नाआधी हिच्याबरोबर पाहिला, त्याला सव्वीस वर्षं झाली. तसा सिनेमा पुन्हा होणे नाही. रविवारी वाचनालयाच्या फिल्म क्लबात हे ठणकावून सांगणार. विषय: ‘पहिला आणि नवा’.

४ जून
बायको म्हणाली, अहो, न पाहता तुलना कशी करणार? म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा. ती म्हणाली, मग शीत तरी बघा. पेपर उघडला. तत्त्वाचा प्रश्न आहे.

५ जून, सकाळी ११
ट्रेलर पाहिला. फक्त दात तपासायला. कवळ्या बनवण्यात हयात गेली माझी. त्या जनावराचा जबडा मिटूच शकत नाही! आमच्या दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी विचारलं, बारा वाजताच्या पेशंटची कवळी कुठाय?
राहिली. कलेची कदर नाही.

७ जून
पुरावा म्हणून वीसच मिनिटं पाहायची ठरवून मॅटिनीला गेलो. एकटाच. शेवटची नावं संपेपर्यंत बसलो, कारण मधून उठलं तर लोकांचे पाय तुडवावे लागतात. आई डायनासोर पिल्लाला सोडून मागे फिरते तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. एसी फार होता.
मत बदललेलं नाही.

९ जून, रविवार
व्याख्यान झालं. अठरा श्रोते. चाळीस मिनिटं पहिल्या भागातल्या दीपगृहाच्या प्रसंगावर बोललो. वर माणसं, खाली डायनासोर, मध्ये गोल जिना! टेबलावर मूठ आपटली.
एक निवृत्त शिक्षिका उठून म्हणाल्या, दीपगृह दुसऱ्या भागात आहे. पहिला जहाजावर घडतो.
म्हटलं, बाई, गोंधळ तुमचा होतोय. माझी पत्नी साक्षीला आहे.
सगळे हिच्याकडे वळले. ही पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
पहिला भाग हिने मैत्रिणींबरोबर आधीच पाहिला होता म्हणे. मी नेलं तो दुसरा. विचारलं, मग सव्वीस वर्षं गप्प का? म्हणाली, तुम्ही किती खूश होता.
बजावलं, माझं म्हणणं तसूभरही बदलणार नाही. थोड्या वेळाने सहज विचारलं, पहिला कसा आहे गं?
म्हणाली, फार छान आहे हो. दुसऱ्याला त्याची सर नाही.
म्हणजे शेवटी माझंच खरं ठरलं.