धाकटीचं राहू दे

५ मार्च

चि. चिमणीस,
ताईचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. आई बरी आहे म्हणावं तर बरी, नाही म्हणावं तर नाही. मी मात्र टेकीला आले आहे.

दर शुक्रवारी फादर घरी येऊन तिला ख्रिस्तप्रसाद देतात, हे तुला ठाऊक आहेच. परवा कपडे भिजवले आणि तिच्या रुमालातून काय निघावं? प्रसादाच्या पातळ चकतीचा अर्धा तुकडा. साबणाच्या बादलीत, बाई! फेकावं तर पाप, पिळावं तर महापाप. फादरांना फोन केला. ते म्हणाले, पूर्ण विरघळू द्या, आणि पाणी मोरीत नको, मातीत ओता. भरली बादली जिने उतरवून आवारातल्या झाडाच्या बुंध्याशी नेली. शेजारीण वरून विचारते, आज झाडाला आंघोळ का?

आईला विचारलं तर शांतपणे म्हणाली, "धाकटीचं राहू दे." लहानपणी पाव मोडून आपल्या दोघींना अर्धा-अर्धा द्यायची, तेवढंच तिच्या डोक्यात उरलंय. फादरांनी बजावलंय, डोळ्यांदेखत गिळणार नसेल तर पुढे आणता येणार नाही. मी काय तिच्या तोंडात बोट घालू? कचेरीत सह्या करून लग्न उरकलंस, चर्चमध्ये आशीर्वाद घेतला नाहीस, म्हणून तुला प्रसाद बंद. आणि तुझ्या वाट्याचा घोर मला.

रागावले तरी माया आटलेली नाही, हे जाणून असावेस.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कारखान्यात गणवेशांची घाई आहे. तुझं पत्र मशिनवरच वाचलं. बादलीपाशी हसले, पुढे सुई दिसेना. तिला माझी आठवण राहावी ती अशी.

सोपा उपाय सांगते. धाकटीने तिचं खाल्लं, असं आईला सांगून टाक. तिच्या काय लक्षात राहणार आहे? तू उगाच प्रत्येक गोष्ट ताणतेस.

चर्चचं म्हणशील, तर हे म्हणतात, आशीर्वादाला आल्तरपुढे उभं राहायला माझी ना नाही, तुझ्या ताईपुढे उभं राहायची भीती वाटते. खरं तर मीच हट्टाने गेले नाही. आणि तुम्ही तरी कुठे बोलावलंत?

बोलले ते पोटात घाल, लोभ कमी करू नकोस.

तुझी चिमणी

२५ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

तुझी युक्ती जमली नाही. प्रसादासमोर खोटं बोलायला जीभ रेटेना. गेल्या शुक्रवारी आईने तोंड मिटलं ते मिटलंच. फादर प्रसादाची डबी घेऊन तसेच परत गेले आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटली.

काल त्यांना दारातच सगळं सांगितलं, तुझंही. त्यांनी टेबलावर पांढरं कापड पसरलं आणि स्वतः मोडून दोन तुकडे केले. मी कुजबुजले, तिला पुरा तरी द्या. ते म्हणाले, "बाई, यात अर्धं नसतं. कणातही सगळा ख्रिस्त असतो." माझ्या हिशेबात अर्ध्याला अर्धंच म्हणतात. एक आईला दिला, एक मला. मी गिळेपर्यंत आई टक लावून बघत राहिली. मग तिने गिळलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चिमणे, जेवलीस ना?"

तिचं सगळं करते मी, आणि नाव तुझं. लागलं गं. मी चिमणी नाही म्हणवेना, आहे म्हणवेना. शेवटी "जेवले" एवढंच म्हणाले. ते तरी खरं होतं. फादरांनी खाली बघून डबी मिटली.

जाताना म्हणाले, दोघांना कागद घेऊन येऊ दे, लग्नाला आशीर्वाद देऊ. कन्फेशन झालं की तिचा प्रसाद तिला. तुझ्या ह्यांना सांग, मी चावत नाही. बोलावलं नाही म्हणत होतीस ना? हे बोलावणं समज. तुझ्या नावाने मी किती दिवस जेवू?

वाट पाहणारी,
तुझी ताई