सानिकाचे शुक्रवार

प्रिय सुची,

रोज व्हॉट्सॲपवर बडबडणारी ताई आज एवढी लांबलचक मेल का लिहितेय, असं वाटेल तुला. वाच, मधेच सोडू नकोस.

इथे आयर्लंडमध्ये सानिकाच्या शाळेत हे वर्ष परीक्षेविना असतं. पोरांनी दर शुक्रवारी कुठेतरी कामाला जायचं, अनुभव घ्यायचा. म्हटलं, माझ्याच ऑफिसात चिकटवते, थोडं कोडिंग शिकेल. बाईसाहेब हो म्हणाल्या आणि परस्पर दुसरीकडे सोय करून मोकळ्या! कुठे विचारलं की इथल्या पोरांसारखं म्हणे, ग्रँड आहे, ममा, म्हणजे सगळं छान. बस्स. लांब नखांवरून माझ्याशी भांडणारी ही, एकाएकी ती कापून आली. शुक्रवारी घरात शिरली की आधी आंघोळ. आपल्या बाबांच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलला कधी दोन मिनिटं न टिकणारी, आता माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोळे खुपसून बसते. माझ्या मनात नको नको ते. कुणी मुलगा? आमचा नवरोबा यशोधन म्हणाला, तू पोलिसातच जायला हवी होतीस.

मागच्या शुक्रवारी सुट्टी टाकली आणि गेले तिच्या मागोमाग. ड्रोहेडा गावाच्या बाहेर एक वृद्धाश्रम! काचेतून बघते तर नर्स एका आजींची कवळी धुऊन तोंडात बसवतेय आणि आपली सानिका ताट धरून थांबलीय. तिथला नियमच आहे, कवळी बसल्याशिवाय ताट पुढे करायचं नाही.

गाडीत विचारलं, लपवलंस का? तर मलाच सुनावलं, अर्थात इंग्रजीत. म्हणे, तुम्ही दोघींनी आजोबांना ठेवलंय तशा जागी दिवसभर काय चालतं ते मला बघायचं होतं; तुम्हाला विचारलं तर तुम्ही छानच म्हणणार. मी तिच्यावर संशय घेतेय आणि कार्टी आपल्यावर!

मग म्हणाली, आजोबा कॉलवर नुकतेच जेवलेले असतात ना, मग तोंडात कवळी का नसते? मी म्हटलं, काढून ठेवत असतील गं. तिने मोबाईलमधले स्क्रीनशॉट दाखवले. दिवाळीपासून एकाही कॉलवर कवळी नाही, सुची. गाल पार बसलेत. आपण म्हणत राहिलो, वय झालं. आणि नागपूरच्या आश्रमाचा तो मॅनेजर दर रविवारी सांगतो, पोटभर पोळी-भाजी जेवले. कशाने चावली गं त्यांनी? माझा जीव थाऱ्यावर नाही.

फोन मुद्दाम केला नाही. ऐकताक्षणी तू त्याला झापलं असतंस, आणि रविवारी बाबा कवळी लावून, इस्त्रीच्या शर्टात आपल्यासमोर हसले असते. पुण्याहून आजच निघ, कुणाला कळवू नकोस. ऐन जेवणाच्या वेळी पोच आणि आधी त्यांचं ताट बघ. डब्यात मऊ वरणभात ने.

तुझीच,
ताई