मास्तर निळ्यांकडे

मंगळवार, तारीख अकरा
दवाखाना, तिसरा मजला, नातेवाइकांची खोली

प्रिय मेव्हणेबुवा,

अनेक आशीर्वाद. तिकडे तू खुशाल असशील, असं लिहायची पद्धत आहे. पण तू आत्ता माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर भूल घेऊन पडला आहेस, त्यामुळे तू कसा आहेस हे तुझ्यापेक्षा तिथल्या डॉक्टरांनाच जास्त ठाऊक. इकडे आम्ही मजेत आहोत, असंही लिहायचं असतं. आम्ही म्हणजे सध्या मी एकटाच. तुझी ताई तुझ्याच मजल्यावर, पलीकडच्या थिएटरात आहे.

तर बातमी अशी. तुला आत नेलं, मी खाली जाऊन चहा घेतला आणि परत येतो तर बास्केटबॉलच्या तुमच्या तांबड्या संघाने मास्तरला सोडलेलं. आमच्या निळ्यांनी त्याला घेतलं आणि बदल्यात आपला भिंगरी तुम्हाला दिला. जी गोष्ट तू इतके दिवस अफवा म्हणून उडवून लावत होतास, ती आज सकाळी दोन्ही क्लबांनी जाहीर केली. इथल्या टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती. माझा विश्वास बसेना, म्हणून ती परत फिरून येईपर्यंत उभाच राहिलो.

आता ही बातमी तुला सांगायची कोणी? तोंडाने सांगायची माझी छाती नाही. शिवाय सिस्टरने बजावून ठेवलंय, की टाके ओले असताना पेशंटला खोकायला, हसायला आणि ओरडायला लावू नका. या बातमीवर तू तिन्ही करशील. म्हणून आपल्या पडद्यांच्या दुकानातल्या मापांच्या पॅडवर हे पत्र लिहायला घेतलं. सावकाश वाच, आणि वाचताना पोटाला उशी धर.

तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. मास्तर फार धावत नाही, फार गुण करत नाही, पण तो मैदानात असला की बाकीचे चौघे शहाण्यासारखे वागतात. भिंगरी तीन माणसांना चकवून सुंदर बास्केट करतो आणि पुढच्याच खेपेला चेंडू प्रेक्षकांत फेकतो. असला माणूस घेऊन मास्तरला देणं म्हणजे घराचा उंबरा काढून खिडकीला झालर लावणं, असं तू म्हणाला होतास. झालर लावण्यावर माझं पोट चालतं, हे तुला मुद्दाम आठवलं असणार. माझं म्हणणं वेगळं होतं आणि आजही आहे. तुमच्याकडे पाय रोवून खेळणारे पुष्कळ, वेग कोणाकडेच नाही. आमच्याकडे सगळे वाऱ्यावर स्वार, थांबा म्हणणारा कोणी नाही. ज्याला जे लागतं ते त्याला मिळतंय, तर बिघडलं कुठे? त्यावर तू म्हणायचास, "दाजी, आपला माणूस तो आपला. त्याचा हिशेब करायचा नसतो." आणि फोन ठेवून द्यायचास.

तुझ्या ताईला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण आपल्या पैजेची शिक्षा तिला फार आवडते. ज्याचा संघ हरेल त्याने उभं राहून, मोठ्याने, समोरच्याला "मी आभारी आहे" म्हणायचं. ही शिक्षा तूच काढलीस, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच सीझनला. मी तोंडातल्या तोंडात उरकायला बघायचो आणि तू फोनवरून म्हणायचास, "पुटपुटू नका दाजी. उभे आहात ना? ताई, उभे आहेत का गं ते?" ती हातातलं काम टाकून मला बघायला यायची. इतक्या वर्षांत या घरात आभारी हा शब्द दुसऱ्या कशासाठी कोणी वापरलेलाच नाही.

मी पाल्हाळ लावतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. समोरच्या दाराकडे बघायचं नाही म्हणून लिहितोय. दार उघडतं, कोणाला तरी हाक मारतात, ते आमच्यासाठी नसतं, मग मी पुन्हा मास्तरकडे वळतो.

या खोलीत एक सुतारकाका आहेत. वय झालंय, पण बाकावर बसण्याआधी त्यांनी तो हलवून पाहिला आणि डुगडुगणाऱ्या पायाखाली कागदाची घडी सारली. तू लिफ्टचा मेकॅनिक, लिफ्टमधून स्ट्रेचरवर जातानाही डोळे मिटून आवाज ऐकलास आणि वॉर्डबॉयला म्हणालास ना, की हिचा ब्रेक घासतोय, कोणाला तरी दाखवा, तसलाच हा माणूस. तुझी किडनी ज्याला बसवणार तो यांचा मुलगा. आणि ताईला देणारी, ती यांची सून. तिची नवऱ्याला चालत नाही, तुझी बहिणीला चालत नाही, पण उलटसुलट केलं की दोन्ही चालतात. म्हणून एकाच सकाळी चौघांना आत घेतलं. एकाचं आधी झालं आणि दुसरा नंतर नाही म्हणाला, असं व्हायला नको, म्हणून इथला नियमच तसा आहे.

हे डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू किती बिथरला होतास. मी ताईला द्यायला आलोय, म्हणालास, परक्याला नाही. माझं दुसऱ्याच्या पोटात गेलं तर ताईला मी काय दिलं? आणि मी, नको तिथे शहाणपण, तुला मास्तर आणि भिंगरीचा दाखला दिला. त्यावर तू जे बोललास ते मी इथे लिहीत नाही, सिस्टर वाचेल. आठवडाभर तुझा फोन नव्हता. मी दुकानात बसून पडद्यांच्या चुण्या उलट्या घालत होतो. आधीच मला साखर असल्यामुळे डॉक्टरांनी मला पहिल्या दिवशीच बाद केलं होतं. नवरा असून बाकावर बसलेला राखीव खेळाडू झालो होतो मी, आणि मैदानात उतरू शकणारा एकटा तूच होतास.

मग ताईनेच तुला फोन लावला. मी शेजारीच होतो. डायलिसिसहून आली होती, पाय सुजलेले, ओठ कोरडे, आणि डॉक्टरांनी त्या दिवसासाठी मोजून दिलेलं पाणी पिऊन संपलेलं. ती तुला एवढंच म्हणाली, "मला तुझी किडनी नकोय रे. मला बरं व्हायचंय."

तू तिला फोन माझ्याकडे द्यायला लावलास आणि म्हणालास, "दाजी, तुम्ही जिंकलात. सही करतो. पण मास्तरचं बोलायचं नाही." किडनी दिलीस, पण मास्तर नाही दिलास. मी हसलो, फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

मला भीती वाटतेय. सकाळपासून सगळं लिहून झालं, एवढंच लिहिलं नव्हतं. तिला नेताना ती मला म्हणाली, हॉटेलवाल्यांच्या हिरव्या पडद्यांना खालची पट्टी मारायची राहिलीये, विसरू नका. मी म्हटलं, ती तूच येऊन मारशील. तिने नुसता हात दाबला. तिला तुझीही भीती वाटत होती. धडधाकट पोराला माझ्यापायी कापतायत, असं म्हणत होती. तुमच्या दोघांपैकी एकाला जरी काही झालं, तर मी दुसऱ्याच्या समोर कसा उभा राहू, हे मला अजून सुचलेलं नाही.

मघाशी सुतारकाकांनी विचारलं, टीव्हीकडे बघून एवढे चपापलात ते कशाला? मी त्यांना सगळं सांगितलं. चेंडू पुढे घेऊन जाणारा आणि बाकीच्यांना खेळवणारा तो गार्ड. तांबड्यांचा म्हातारा गार्ड आमच्याकडे आला, आमचा तरणा तिकडे गेला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, आपला माणूस असा तिकडे गेला की वाईट वाटत नाही का? मी म्हटलं, वाटतं हो. भिंगरी फार हळवा आहे, चुकला की मान खाली घालतो. तिथे त्याला कोणी सांभाळून घेईल की नाही, एवढंच मनात येतं.

काका म्हणाले, "तुमच्या मेव्हण्याचं आमच्याकडे येतंय ना, ते आम्ही नीट सांभाळू."

मी रुमालासाठी खिशात हात घातला तर मोजपट्टी हाताला लागली. त्यांनीच आपला पंचा पुढे केला.

दुपार

दार उघडलं आणि या वेळी आमच्यासाठीच उघडलं. सिस्टर आधी तुझं बोलली. तुझं व्यवस्थित पार पडलं, तू गुंगीत काहीतरी पुटपुटतोयस, बहुतेक लिफ्टबद्दल. मी विचारलं, आणि ती? सिस्टर म्हणाली, तिचंही छान झालं, टेबलावरच लघवी सुरू झाली. मेव्हणेबुवा, लघवीची बातमी ऐकून मी कधी कोणाला हात जोडले नव्हते. आज जोडले. मग काकांकडे वळून ती म्हणाली, तुमच्या मुलाचीही सुरू झाली, सूनबाईही ठीक आहेत. काका बाकावर बसले आणि मी त्यांच्या शेजारी. आमच्या दोघांचं वजन पडलं तरी बाक हलला नाही.

पुढचे काही दिवस जपायचे आहेत, असं डॉक्टर सांगून गेले. जपू. हिरव्या पडद्यांची घाई नाही, हॉटेलवाले थांबतील.

तर आता ऐक. मास्तरची काळजी करू नकोस. तो आमच्याकडे आलाय, त्याला आम्ही नीट सांभाळू. भिंगरी चुकला तर त्याला पहिल्याच दिवशी शिव्या घालू नका. आणि तू तुझ्या ताईला काय दिलंस, असं विचारत होतास. तिला पोटभर पाणी प्यायला दिलंस. तुझं ज्याच्या पोटात गेलंय तोही आज-उद्याकडे पाणी पिईल. त्याच्या बापाचा पंचा माझ्या खांद्यावर आहे.

आज कोणाचा संघ हरलेला नाही. तरी मी बाकावरून उठलोय आणि पॅड खिडकीच्या कठड्यावर ठेवून लिहितोय. आत्ताच मोठ्याने म्हणूनही पाहिलं. सगळी खोली वळून बघायला लागली, पण मी पुटपुटलो नाही. ताईला उठू देतील तेव्हा तिला घेऊन तुझ्या खाटेपाशी येईन आणि पुन्हा म्हणेन. खरं की नाही ते मग ताईला विचार, या वेळीही तीच साक्षीला असेल.

मी आभारी आहे.

उभा असलेला,
तुझा दाजी