बरडावरची जागा

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुझ्या नावाने मी कधी पत्र लिहिलं नाही. सातपूरला कारखान्यात लागल्यावर जे काही कळवायचं ते भावाला लिहायचे, आणि तो तुला वाचून दाखवायचा. आज लिहिते आहे ते त्याच्याकडून वाचून घेण्यासारखं नाही. तुला मातीत ठेवलं त्या दिवशी तो तिथेच होता, मी होते, काका होते, अर्धा पाडा होता. त्या दिवशी काय झालं हे फक्त तुलाच माहीत नाही.

आपलं बरड तसंच आहे. वीतभर तांबडी माती, तीही निम्मी खड्यांची. तिच्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली लगेच काळा खडक. नागली आणि वरई तेवढी यायची. मी आश्रमशाळेतून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते, तेव्हाची गोष्ट आठवते. शाळेत आम्ही मैदानातले दगड वेचायचो आणि गुरुजी शाबास म्हणायचे. तुला बरं वाटेल म्हणून मी सकाळभर बरडावरचे दगड वेचून कडेला मोठा ढीग केला. तू डोक्यावर शेणखताची पाटी घेऊन वर येतेस, ढीग बघतेस आणि पाटी न उतरवताच विचारतेस, "हे कोणाचं काम?"

"मी शेत साफ केलं."

"साफ केलं! आता पावसात माती खाली गेली म्हंजे तुझ्या शाळेतून आणशील का? टाक परत सगळे."

मी रडत रडत दगड परत पसरत होते. थोड्या वेळाने बघते तर तूही वाकून पसरत होतीस, आणि रागाने का होईना, मला एकेक दगड कसा पालथा बसवायचा ते दाखवत होतीस. उताराला आडवा जो दगडी बांध होता तोही तुझाच. दर उन्हाळ्यात त्यावर दगडांचा एक थर चढायचा, आणि दर पावसाळ्यात त्याच्या पोटाशी थोडी माती अडायची. मी नोकरीला लागले तोवर तिथे हातभर माती झाली होती. आपली सगळ्यात चांगली नागली तिथे यायची.

माझ्या खोलीवर तू एकदाच राहायला आलीस. तुला ना बाजार बघायचा होता, ना देऊळ. गल्लीत पाण्याच्या पाइपासाठी चर खणला होता, त्याच्या कडेला काळ्या मातीचा ढीग पडला होता. तू त्याच्याजवळ बसून राहिलीस आणि जाताना खताच्या रिकाम्या गोणीत ती माती भरून घेतलीस. मला लाज वाटत होती. तुला पेठपर्यंत सोडायला मी आले होते; गाडीत कंडक्टरने गोणीला पाय लावून विचारलं, "मावशी, धान्य का?"

"माती हाय."

"माती? तुमच्या डोंगरात माती नाय का?"

"हाय. पण पुरत नाय."

"मग हिचं अर्धं तिकीट काढू का पुरं?"

"लहान हाय अजून, मांडीवर घेते," तू म्हणालीस, आणि खरंच गोणी मांडीवर ओढून घेतलीस. सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसले. ती माती तू बांधाच्या पोटाशी पसरलीस, हे मला नंतर भावाने लिहिलं.

धरणाचं पाणी आलं आणि नदीकाठची आपली मसणवट बुडाली. तेव्हापासून जो तो आपलं माणूस आपल्याच वावरात ठेवू लागला. खोल माती म्हणजे भाताच्या खाचरात, म्हणून सगळे खाचराचा कोपरा द्यायचे. एकदा बरडावर नागलीची लावणी करताना, भाऊ रोपं आणायला खाली गेला होता तेव्हा, तू मला म्हणालीस, "मला हितंच ठेवा. खाली भाताची जागा अडवू नका." एवढं बोलून पुन्हा रोप लावू लागलीस. हे ऐकणारी मी एकटीच होते.

तू गेलीस ती होळी झाल्यावर. जमीन वाळून टणक झाली होती. मी पोचले तोवर काकांनी खाचराच्या कोपऱ्यात खूण केली होती. माझा आवाज मोठा नाही, तुला माहीत आहे. तरी मी पुरुषांत जाऊन म्हटलं, "आईला वर ठेवायचं. तिनं सांगितलंय." माणसं वर गेली. गुडघाभरही खणलं नाही तोच पहार खडकावर वाजली. दुसरीकडे खणलं, तिथेही तेच. काका घाम पुसत म्हणाले, "पोरी, आता काय खडकावर ठेवायची का तिला? कोल्हे हायत हितं."

मी म्हटलं, "वरून दगड रचा."

"एवढे मोठे दगड कुठले?"

मग भाऊ बांधाकडे गेला आणि वरचा दगड उचलला. सगळे हात लागले. तुला त्या उथळ खड्ड्यात ठेवून वर मुरूम ओढला, आणि तुझ्या बांधाचे दगड कमरेइतके रचले. बांध मध्यभागी उघडा पडला होता. मी तो बघत होते, भाऊही बघत होता.

त्या पावसात उघड्या जागेतून माती गेली. तू साठवलेली होती ती, आणि सातपूरची गोणीही. सगळी खाली खाचरात उतरली. भावाने पत्रात एवढंच लिहिलं, "वरची नागली या साली नाही." मला दोष दिला नाही. दिला असता तर मला सोपं गेलं असतं. तू आधी काय वाचवलं असतंस, आपला शब्द की आपली माती, हे मी अनेकदा स्वतःला विचारलं. तू असतीस तर दोन्हीसाठी मला झापलं असतंस, एवढं खरं.

पुढच्या उन्हाळ्यापासून भाऊ बांध परत रचू लागला. बाहेरून दगड आणून त्याने बांध वाढवत तुझ्यापर्यंत नेला, तुझ्यावरचे दगड त्यातच घेतले आणि पलीकडे पुढे नेला. आता त्याच्या पोटाशी पुन्हा माती धरू लागली आहे. मी दरवर्षी जाते. भाऊ हात करून दाखवतो, "ही बघ आई." मी त्या जागी हळद-कुंकू वाहते, नारळ ठेवते. सगळे दगड एकसारखे काळे झालेत, सगळ्यांवर तेच गवत आहे. गेल्या वर्षी त्याने दाखवलेली जागा मला चार पावलं अलीकडे वाटली. तरी मी नारळ तिथेच ठेवला. आये, तू कुठे आहेस ते मला आता ओळखू येत नाही, आणि त्यालाही येतं की नाही, हे मी विचारत नाही.