मामा, कार्डाले रंग काऊन लावला?

डोणगाव, ता. मेहकर
मंगळवार, लाइट आहे तोवर

आदरणीय शंकरमामा,

भाचा प्रसेनजितचा वाकून जय भीम. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतोय, पण तो दुखला नाही तर तिला करमत नाही. मयुरी (तुमची सूनबाई, सोयरीक तुम्हीच जमवली, त्यामुळे तिच्या सगळ्या तक्रारी तुमच्याच नावावर जमा आहेत) मजेत आहे. बाबा खुशाल आहेत आणि अजूनही तुमचं नाव घेत नाहीत, म्हणजे दिवसातून चारदा 'त्याचा काही निरोप?' असं विचारतात. तुमचं कसं काय? जेवता का? खोटं लिहू नका. समताताईनं सांगितलं आहे की तिचा बाप चहा-टोस्टवर दिवस काढून राह्यला आणि बाजाच्या पेटीवर गोधडी टाकून ठेवली आहे. फोन केला तर तुम्ही 'हाव, हाव' म्हणून माझं वाक्य संपायच्या आत ठेवून देता. पत्र कसं ठेवून द्याल? म्हणून लिहितो आहे.

मामी गेल्यावर, सगळे पाहुणे पांगल्यावर, तुम्ही मला ओट्यावर बसवून काय म्हणाला होता ते मी विसरलेलो नाही. "तुह्या बापाच्या डबड्यात जनकाचा आवाज हाय. गायली नसंल ते माह्या पेटीबिगर, पण बोलली तं असंल काही. तेवढंच मले एकडाव आयकव." आणि मी बह्याड, पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरची नोकरी करून आलेला, छाती काढून म्हणालो, "आयकवतो मामा, त्यात काय!" ते 'त्यात काय' आता मला रोज चावतंय. मामीचा पहिला स्मृतिदिन येत्या पौर्णिमेला आहे आणि मला धड बसवत नाही, धड उठवत नाही. जेवता जेवता काहीतरी सुचतं, उष्ट्या हातानं उठतो, स्क्रीनपुढं जातो, आणि तिथं गेल्यावर जे सुचलं होतं तेवढंच विसरतो. की-बोर्डावर वरणाचे डाग आहेत. मयुरी म्हणते, असंच चाललं तर पोळ्या लाटायलाही तुमच्या कॉम्प्युटरलाच सांगते.

आता अडचण नीट सांगतो. तुमच्या गायन पार्टीची कॅसेट काढायचं वेड बाबांना लागलं, तेव्हा त्यांनी जो कॉम्प्युटर आणला, तो कधीच बंद पडला; त्याची हार्ड डिस्क मात्र धडधाकट आहे. पण ती डिस्क थेट कोणाशी बोलत नाही. तिच्या आणि कॉम्प्युटरच्या मध्ये एक कार्ड आहे, आणि ते कार्ड असं एककल्ली की डिस्कवर सगळं आपल्याच पद्धतीनं घडी घालून ठेवतं, दुसऱ्या कार्डाला ती घडी उलगडत नाही. कार्ड बनवणारी कंपनी कधीच बुडाली. कार्डासोबत आलेल्या फ्लॉप्या आईनं कपाटाच्या पायाखाली घातल्या (कपाट आता हलत नाही, एवढा उपयोग झाला). राहिला एकच मार्ग. ते कार्ड खामगावच्या भंगारातून आणलेल्या जुन्या मशीनमध्ये बसवायचं, त्यावर लिनक्स चालवायचं, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या अगदी पोटात, या कार्डासाठी ड्रायव्हर आपल्या हातानं लिहायचा.

ड्रायव्हर म्हणजे काय, तर तुम्ही, मामा. माझ्या सोयरिकीच्या वेळी मयुरीच्या वडलांना आमच्या बाबांचं बोलणं कळेना आणि बाबांना त्यांचं. तुम्ही मध्ये बसून इकडचं तिकडं, पण ज्याला जसं झेपेल तसं करून सांगत होता. बाबा म्हणाले, "मानपान काही नको," तुम्ही तिकडं सांगितलं, "जेवण चांगलं ठेवा." हेच काम ड्रायव्हर करतो. फरक एवढाच की तुम्ही चुकला असता तर पाहुणे रुसले असते. कर्नलच्या पोटातला ड्रायव्हर चुकला की अख्खं मशीन जागीच आडवं होतं, बटण दाबून पुन्हा उठवावं लागतं.

असं ते किती वेळा आडवं झालं ते विचारू नका. त्यात शेजारच्या उकंडरावांची पिठाची गिरणी. आता गिरणीचा आणि कर्नलचा संबंध काय, असं मलाही वाटायचं. पण गिरणी सुरू झाली की लाइट मान टाकते, आणि लाइटनं मान टाकली की माझं मशीन. मी मात्र समजत होतो की चूक माझ्या ड्रायव्हरमध्ये आहे, आणि चांगल्या चालत्या ओळी खोडून वाईट लिहीत होतो. कळलं तेव्हा रागानं उकंडरावांकडे गेलो आणि म्हणालो, थोडे दिवस दुपारचं दळण बंद ठेवा. त्यांनी पीठ झाडत माझ्याकडे पाहिलं. "काऊन बे? तुह्या डबड्यापायी गावानं भाकर खायाची नाही काय?" मग मी मामीसाठी आहे म्हणून सांगितलं, तर गडी एकदम मऊ झाला आणि म्हणाला, "जनकाबाईसाठी व्हय? मंग आधी काऊन नाही सांगितलं?" आता गिरणी सुरू करायच्या आधी तो खिडकीतून मोठ्यानं हाक मारतो. त्या हाकेनं मी दचकतो आणि भलतंच बटण दाबलं जातं, पण त्याचा भाव चांगला आहे.

जगभरचे कर्नलवाले लोक पत्रापत्री करून एकमेकांना मदत करतात, त्यांनाही मी विचारून पाहिलं. कुठल्याशा थंड देशातल्या एका म्हाताऱ्यानं उत्तर दिलं की या कार्डाचा ड्रायव्हर पूर्वी होता, पण वापरणारं कोणी उरलं नाही म्हणून काढून टाकला. त्यानं विचारलं, तुमच्याकडे निदान एक तरी वापरणारा आहे का? मी लिहिलं, आहे, नांदुऱ्याला असतो. (तो म्हणजे तुम्ही, मामा. जगाच्या दरबारात तुमची नोंद झाली आहे, तेव्हा तब्येतीला जपा.) म्हाताऱ्यानं त्याच्याकडचे जुने कागद शोधून पाठवले, त्यावरून मी पुन्हा सगळं लिहिलं.

आणि तरीही गाडं एकाच जागी अडलं होतं. मी कार्डाला हुकूम सोडतो, डिस्क घुर्र करते, म्हणजे हुकूम पोचला. आता कार्डानं उलट निरोप द्यायला हवा की 'झालं काम.' तो निरोप काही केल्या येत नाही. मी वाट पाहतो, मशीन वाट पाहतं, दारात बसून बाबा वाट पाहतात ("आली काय रे जनकाबाई?" असं विचारतात आणि मी नाही म्हटलं की उठून जातात). आठवडेच्या आठवडे असे गेले. ओळ न् ओळ बदलली. शेवटी मयुरीशी विनाकारण भांडलो, तिनं उलट भांडून घेतलं, आणि दोघांनाही खरं म्हणजे मामीची आठवण येत होती.

आता मुद्द्यावर येतो. काल आईनं कॅलेंडर टांगायला सांगितलं, तर भिंतीला खिळाच नाही. आई म्हणाली, "तुह्या मामानं उपटून नेला असंल रंगाच्या येळी. नांदुऱ्याले त्याच्या घरी डबाभर खिळे हायेत आपल्या घरचे." आणि मामा, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दरवर्षी जयंतीच्या आधी तुम्ही डोणगावला येता. बाबांशी अबोला असला तरी येता. आधी विहार रंगवता, मग उरलेला निळा ऑइलपेंट वाया जाऊ नये म्हणून आमचं घर. दार, खिडकी, कूलर, बाबांची सायकल, एका वर्षी तर पाटा. आणि रंगवण्याआधी सगळं सुटं काढून ठेवायचं, खिळे, हूक, कड्या, ही तुमची शिस्त. तर ते कार्ड निळं आहे, मामा! मी आजवर समजत होतो कंपनीचाच रंग आहे. नखानं खरवडलं तर खालून हिरवं निघालं. झाकण उघडं दिसलं म्हणून तुम्ही कॉम्प्युटर आतूनही रंगवला! कार्डाले रंग काऊन लावला, मामा? कोणी सांगितलं होतं? त्या कार्डावर दोन बारीक टाचण्यांवर एक इवलीशी काळी टोपी असते. ती टोपी असेल तरच कार्डाचा निरोप कॉम्प्युटरपर्यंत पोचतो. ती तुम्ही खिळा समजून उपटली आहे! कोड माझा आणि डोकं माझं, दोन्हींची राखरांगोळी झाली ती तुमच्या शिस्तीपायी.

तरी रागावलो नाही. (रागावलो आहे.) एवढंच करा, तो खिळ्यांचा डबा उपडा करा आणि गव्हाच्या दाण्याएवढी काळी टोपी दिसली तर ताबडतोब कळवा.

तुमचा भाचा,
प्रसेनजित

ता. क. डबा उपडा करू नका. पत्र पाकिटात घालता घालता मलाच सुचलं की अशी टोपी दुसऱ्या कुठल्याही मेलेल्या कार्डावरून काढता येते. काढली, टाचण्या थिनरनं पुसल्या, लावली. निरोप आला, मामा! पहिल्या हुकुमाला आला! आणि तोही मी सगळ्यात आधी लिहिलेल्या ड्रायव्हरवर, जो मी चुकीचा म्हणून बाजूला टाकला होता. आणखी एक. खामगावच्या भंगारातून आणलेली बाकीची कार्डं गंजून भुगा झाली आहेत. तुमचं तेवढं रंगाखाली लखलखीत राहिलं. तेव्हा वर रंगाबद्दल जे जे लिहिलं ते सगळं परत घेतो.

ता. क. पुन्हा. मामी आहे. नुसती बोलली नाही, गायली आहे. तुम्हाला आठवत असेल, माइक एकच होता, पेटीत आवाज बुडत होता, म्हणून बाबा म्हणाले आधी नुसता गळा घेऊ, पेटी मागून जोडू. आणि तुम्ही "माह्या पेटीबिगर ते गातच नाही" म्हणून पेटी उचलून एसटीत बसला. तेव्हापासून तुम्ही म्हणता गायली नसेल, बाबा म्हणतात गायली. दोघंही खरे आहात. ती गाते, आणि जिथं तुमची पेटी वाजायची तिथं गप्प राहते. सतरंजीवर बोटांनी ताल धरलेला ऐकू येतो, तुमचा तुकडा संपेल एवढा वेळ, मग पुढची ओळ घेते. आई ऐकताना गुडघा विसरली.

ता. क. शेवटचं, आणि खरं काम हेच. एका जागी मामी इतका वेळ थांबते की बाबांना वाटलं असावं ती विसरली. बटणाकडे त्यांचा हात गेल्याची खुडबूड येते. तेवढ्यात तिचा आवाज, "थांबा भाऊ, बंद नका करू. इथं त्याईले यायले येळ लागते." हे ऐकल्यावर बाबा उठून मेहकरला गेले आणि संध्याकाळी परत आले. माझ्याशी न बोलता टेबलावर काहीतरी ठेवलं आणि म्हणाले, "सांग त्याले, आता माइक दोन हायेत." तेव्हा गोधडी काढा, मामा, आणि पौर्णिमेला पेटी घेऊन या. तिनं तुमची जागा सोडून ठेवली आहे.