सभापतींना मत नाही

१ डिसेंबर, सोमवार
गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर म्हणतात, घरातल्या घरात फिरा. दोन खोल्यांत माणूस फिरून फिरून किती फिरणार! क्रिकेट नव्हतं म्हणून राज्यसभा लावली. आज अधिवेशन सुरू.
अकराला सुरुवात. आधी कागदपत्रं. मंत्री उठतो, 'पटलावर ठेवतो' म्हणतो, बसतो. पटल काही दिसत नाही. मग शून्य प्रहर, आणि प्रश्न बाराला. लोकसभेत तर आधी प्रश्न. हे उलटं का? शोधायला हवं.
कु. म्हणाली, "बघा बघा. मटार तेवढे सोलत बघा." (कुसुम. लग्नापासून रोजनिशीत तिला एकच अक्षर.)
संध्याकाळी मिलिंदचा पुण्याहून फोन. त्याच्याच इमारतीत तळमजला रिकामा होतोय. आम्ही दोघांनी कायमचं तिकडे यावं, बडोद्याचं घर बंद करावं. होकार या महिन्यात हवा. तेवढ्यात रश्मी आली, आमची धाकटी, इथेच असते, अलकापुरीत ऑफिस. फोन हिसकावून भावावर तुटून पडली. "सामान आहेत का ते, उचलून न्यायला?"
मला कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

२ डिसें., मंगळ
सापडलं! वरच्या सभागृहातही प्रश्न पूर्वी अकरालाच असत. सकाळच्या गोंधळात वाहून जात. म्हणून दुपारी बाराला नेले. आधी वाफ जाऊ द्या, मग कुकर उघडा. मकरपुऱ्याला कारखान्यात आमचे साहेब मीटिंगला बसल्या बसल्या उत्पादनाचे आकडे विचारत, आणि समोरच्याच्या डोक्यात कँटीनची डाळ शिजत असे. हे आम्हाला कधी सुचलं नाही.
संध्याकाळी पुन्हा फोन, पुन्हा भांडण. मी म्हटलं, थांबा. उद्यापासून नियमाने. रोज सातला, व्हिडिओवर. आधी शून्य प्रहर, ज्याला जे खुपतंय ते. मग प्रश्न. मग चर्चा. शेवटी मतदान. सभापती मी.
मि. : "बाबा, खरंच?"
सूनबाई केतकी मागून हसत होती. "मलापण मत?"
अर्थात. सदस्य चार. मि., केतकी, रश्मी, कु.

४ डिसें., गुरु
कोण किती बोलणार हे आयत्या वेळी ठरत नाही. समिती आधीच विषयाला तास देते, मग पक्षाच्या संख्येप्रमाणे वाटणी. मोठ्या पक्षाला ऐसपैस. एकट्यादुकट्याला दोन-तीन मिनिटं, की घंटा. मला वाटायचं, जो मोठ्याने बोलेल त्याचं चालतं. तसंही असेल, पण कागदावर तरी नाही.
आमची समिती म्हणजे मीच. पुण्याला दोन सदस्य, जास्त वेळ. रश्मी विरोधी पक्ष, तिला बरा वेळ. कु. ला 'इतर'मधून तीन मिनिटं.
"मी इतर?"
"तांत्रिकदृष्ट्या."
देवघरातली घंटा आणायला गेलो तर म्हणाली, "ती ठेवा जागेवर." मग वाटी-चमचा घेतला.
मि. दवाखाना, लिफ्ट, फरशी, सगळं बोलला. चांगला बोलतो मुलगा. कु. ची पाळी आली. "मला काय म्हणायचंय, ताई पुण्यात…" (ताई म्हणजे तिची थोरली बहीण.) तेवढ्यात रश्मी मध्ये पडली, मि. तिच्यावर, वेळ त्यातच गेला. मी चमचा वाजवला. कु. लगेच थांबली. टीव्हीवर इतक्या लगेच कुणी थांबत नाही. आपलं सभागृह शिस्तीचं आहे, बरं वाटलं.

५ डिसें., शुक्र
शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं. मंत्री नसलेला कुणीही आपलं विधेयक आणतो. तयारी करून येतात, कळकळीने बोलतात. मंत्री आश्वासन देतो, सदस्य विधेयक मागे घेतो. मंजूर जवळजवळ होतच नाही. मग आणतात कशाला?
कु. तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "कुणीतरी ऐकावं म्हणून."
शेजारचे जयंतीभाई आले. "साहेब, तमे तो सभापती थई गया! पण बडोदा छोडीने क्यां जवाना?" मी म्हटलं, या खुर्चीवरून त्यावर बोलता येत नाही. खूप हसले.
इथे लिहायला हरकत नाही. मला जायचं नाही. कमाटीबाग आहे, जयंतीभाई आहेत, कारखान्यातले जुने लोक स्कूटर थांबवून 'केम छो साहेब' करतात. पुण्यात मी मिलिंदचे वडील. बस.

७ डिसें., रवि
सुट्टी. म्हणून नियम वाचत बसलो. सभापती चर्चेत भाग घेत नाही. आणि सभापतीला मतही नाही! मतं समसमान पडली तरच. आधी मोठ्याने हसलो. मग हसू गेलं. घर माझं, गुडघा माझा, आणि मीच हौसेने स्वतःचं तोंड बांधून घेतलं. ऐन वेळी खुर्ची सोडली तर मुलं आयुष्यभर चिडवतील.
पण हिशेब केला. मि. आणि केतकी पुणे. रश्मी आणि कु. बडोदे. समसमान. म्हणजे निर्णायक मत माझंच! झोप छान लागेल.

९ डिसें., मंगळ
चर्चेचा शेवटचा दिवस. कु. ने वेळ वाढवून मागितला. नियमात बसेना. रश्मी म्हणाली, "माझा सगळा वेळ आईला."
तिला वाटलं, आई तिच्या बाजूने बोलणार. मलाही तेच.
कु. जे बोलली ते आठवतंय तसं : "साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हापासून दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती. शाकवाला, डॉक्टर, शेजारणी. लोक चांगले आहेत, जीव लावतात. मंडळातल्या बायका मराठी बोलतात, पण त्या इथल्याच. अर्धं वाक्य गुजरातीत संपवतात. ह्यांचं बरं होतं, हे साहेब होते, लोक ह्यांचं समजून घ्यायचे. मी जपून बोलत आले. मला पटकन भांडता येत नाही. लोक हसतात तेव्हा मी एक क्षण मागे असते. आता ताईजवळ राहायचंय आणि तोंडाला येईल ते बोलायचंय. माझं झालं."
वेळ उरला होता. मी कामकाज तहकूब केलं.

१० डिसें., बुध
मतदान. आधी आवाजी. नेटवर्क असं, की 'होय' कुणाचं आणि 'नाही' कुणाचं कळेना. मग नावानिशी.
मि. होय. कु. होय. रश्मी नाही. केतकी, नाही.
मि. : "केतकी?"
"बाबांना इथे करमणार नाही. त्यांना बोलायची परवानगी नाही, म्हणून मी बोलले."
नवऱ्याचा पक्षादेश मोडला पोरीने. माझा हिशेब दोन्हीकडून चुकला आणि उत्तर मात्र तेच, दोन-दोन. निर्णय राखून ठेवतो म्हणालो. असा काही नियम आहे का, मला माहीत नाही.

११ डिसें., गुरु
पुन्हा वाचलं. समसमान असेल तर सभापतीने आहे ते तसंच राहील असं मत द्यावं, असा जुना संकेत आहे. म्हणजे चर्चेला पुढे वाव राहतो. आहे ते, म्हणजे बडोदे. कुणी नावं ठेवू शकणार नाही. नियम पूर्ण माझ्या बाजूने, आणि मला लाज वाटते आहे.
चहा देताना कु. ने काही विचारलं नाही. मीच म्हटलं, "इतक्या वर्षांत बोलली नाहीस."
"गेल्या गुरुवारी सुरुवात केली होती. चमचा वाजला."

१२ डिसें., शुक्र
सातला सगळे हजर. कु. माझ्या शेजारी न बसता समोर बसली. म्हणाली, सदस्यांची जागा तीच.
मी म्हटलं, मत देण्याआधी सभापतींना एक प्रश्न आहे. तोंडाला येईल ते म्हणजे काय? एकदा बोलून दाखव.
आधी लाजली. मग सुरू झाली. "काय म्हनून मी गप बसायचं? ह्या मान्सानं मला…" साताऱ्याची बोली. मी ती लग्नाच्या मांडवात ऐकली होती, नंतर कधीच नाही. गीझर, माझी बहीण, माझा कारखाना, माझा गुडघा, कुणालाच सोडलं नाही. रश्मी तोंडावर हात धरून हसत होती, कारण मी गावलो होतो. केतकी तर स्क्रीनवरून नाहीशीच झाली, बहुतेक हसून खाली बसली. आणि कु. स्वतः हसत होती, सगळ्यांच्या आधी.
मि. ने दोनदा विचारलं, "बाबा, मत?"
म्हटलं, सदस्या अजून बोलत आहेत.