बाराव्या रांगेतल्या दोन खुर्च्या आणि तीन बादल्या

टर्टल बेंड, टेक्सास
गुरुवार, १६ ऑक्टोबर

ती. लीरॉयदादास,

प्रथम तुझ्या उजव्या गुडघ्याला माझा नमस्कार, मग तुला. (वयाने तू मोठा असलास तरी तक्रारीने तो मोठा आहे.) वहिनीची सर्दी उतरली का? तिकडे ओरेगनात म्हणे सदा पाऊस, त्यामुळे तिची सर्दी ही सर्दी नसून हवामानच असावं असं मला वाटतं. इकडे आपल्याकडे पाऊस बेताचाच पडतो, पण जो पडतो तो थेट माझ्या लायब्ररीत पडतो. माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब थोडा वर असतो, पण तो शाळा मंडळाच्या बैठकीला लागून येतो आणि बैठक संपली की आपोआप उतरतो.

सहा वर्षं झाली, युरोपच्या इतिहासाच्या कपाटावर छत गळतंय. तिथे मी तीन बादल्या ठेवल्या आहेत, दोन निळ्या आणि एक आपल्या आईची, जिच्यात ती टोमॅटो धुवायची. फ्रान्सची राज्यक्रांती तर इतकी फुगली आहे की कपाटातून निघतच नाही. दरवर्षी ऑगस्टमध्ये मी अधीक्षक टब्ससाहेबांना अर्ज करते आणि दरवर्षी त्यांचं एका ओळीचं उत्तर येतं: "डोरीन, शाळेकडे पैसे नाहीत." सहा अर्ज, सहा उत्तरं, पालथ्या घड्यावर पाणी. (घडा सुलटा असता तर निदान बादली म्हणून वापरला असता.) आणि ज्या ऑगस्टमध्ये माझा सहावा अर्ज परत आला, त्याच ऑगस्टमध्ये स्टेडियमवर अकरा लाख डॉलरचा नवा गुणफलक उभा राहिला. तो इतका मोठा आहे की शेजारच्या काउंटीतल्या गाईंनाही आपण किती गुणांनी हरतोय ते दिसतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे नाकच शिल्लक नाही. गेल्या वर्षी आपली 'झुंजार कासवं' फुटबॉलच्या दहा सामन्यांपैकी एक जिंकली, आणि तोही समोरच्यांची बस रस्त्यात बंद पडल्यामुळे.

तुला माहीतच आहे, एकतीस वर्षांच्या नोकरीत मी त्या स्टेडियममध्ये एकदाही पाऊल ठेवलेलं नाही. त्यामुळे फुग्याच्या कासवाची हकिकत मी ऐकीवच सांगते. चाळीस हजार डॉलर खर्चून हवा भरायचं एक अठ्ठावीस फुटी कासव आणलं. त्याच्या तोंडातून धूर सुटायचा आणि त्या धुरातून आपला संघ गर्जना करत बाहेर यायचा, अशी योजना होती. पहिल्याच सामन्याला पाद्रीबाबा प्रार्थना म्हणता म्हणता भक्तिभावाने एक पाऊल मागे सरले ते नेमके हवा भरणाऱ्या पंख्याच्या वायरीवर. कासव बसलं. आत सेहेचाळीस खेळाडू, कोच प्रुइट आणि धुराचं यंत्र. पाच मिनिटं ते कासव आतून हातपाय मारत मैदानभर हिंडत होतं म्हणे, आणि बँडवाल्यांना कोणी थांबा म्हटलं नाही म्हणून ते विजयाची धून वाजवतच राहिले. त्या कासवाला दुसऱ्या दिवशी नवा पंखा आला, आणि जुन्या पंख्याचं काय करणार म्हणून मी विचारलं तर तो राखीव पंखा म्हणून ठेवला. लायब्ररीतला पंखा २०११ पासून बंद आहे हे मी तुला आधीच्या पत्रात कळवलंच होतं.

(कोच प्रुइटबद्दल थोडं. त्याचा पगार माझ्या तिप्पट आहे, आणि कागदोपत्री तो इतिहास शिकवतो. इतिहास म्हणजे १९८३. त्या साली आपण एकदाच राज्याचं अजिंक्यपद जिंकलो, त्याच्यामागे काही घडलं नाही आणि पुढेही काही विशेष नाही, असं आपल्या मुलांचं प्रामाणिक मत आहे. इतक्या वर्षांत तो लायब्ररीत एकदाच आला, फोन चार्ज करायला.)

तर सप्टेंबरात मला एक युक्ती सुचली. या गावात ज्या वस्तूला फुटबॉल लागतो तिला पैसा लागतो, हे कळायला मला एकतीस वर्षं लागली, पण कळलं. शाळेच्या प्रवेशदालनाला हिरवा रंग द्यायचा होता, म्हणून १९८३ चा चषक आणि सगळ्या खेळाडूंच्या सह्यांचा तो चामड्याचा चेंडू ज्या काचेच्या कपाटात आहे ते कुठे हलवायचं अशी चर्चा निघाली. मी म्हटलं, माझ्याकडे ठेवा की, लायब्ररी काय परकी आहे? आणि ते कपाट मी बरोबर गळतीखाली ठेवून घेतलं. कपाटाला वरून काच नाही, हे मी मोजमाप घेऊन आधीच पाहिलं होतं. मंगळवारी दुपारी पाऊस आला आणि एक थेंब, दादा, एकच थेंब, सेंटर खेळणाऱ्या बॉबीच्या सहीवर पडला. बुधवारी सकाळी सातला मी आले तर छपरावर अकरा माणसं! दंतवैद्य, बँकेचा मॅनेजर, आणि ते पाद्रीबाबा सुद्धा (त्यांना पंख्यापासून लांब ठेवलं होतं). गुरुवारी दुपारपर्यंत तांब्याचे पत्रे ठोकून छत असं पक्कं केलं की आता जलप्रलयातला नोआसुद्धा माझ्याकडे पुस्तक वाचत बसला असता. मी घरी येऊन ओव्हनमधून काढलेला पेकानचा आख्खा गोड पाय एकटीने खाल्ला.

पण यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. शुक्रवारी कपाट परत न्यायला म्हणून ड्वेन कुबेना आला. (तोच, ट्रॅक्टरच्या दुकानाचा. आता कासव सहाय्यक मंडळाचा अध्यक्ष आहे आणि शाळा मंडळावरही आहे, म्हणजे एका खिशाने मागतो आणि दुसऱ्या खिशाने मंजूर करतो.) तो मध्यभागी उभा राहिला, कोरड्या छताकडे पाहिलं, चषकाकडे पाहिलं, टोपी काढली आणि त्याचे डोळे भरून आले. "डोरीनताई," म्हणाला, "आमची कीर्ती आज पहिल्यांदा योग्य जागी आली बघा." आठ दिवसांत ठराव तयार! लायब्ररीचं 'कासव कीर्तिमंदिर' करायचं, चौऱ्याऐंशी खुर्च्या, मोठा पडदा, जुन्या सामन्यांची चित्रफीत दिवसभर चालू. आणि माझी नऊ हजार पुस्तकं बसगाड्यांच्या शेडमागच्या खोलीत. ती खोली मी पाहून आले. तिचं छत पाच ठिकाणी गळतं.

मंडळाच्या बैठकीत मला बोलायला तीन मिनिटं दिली होती. त्याआधी मैदानावरच्या नकली गवताचा हिरवा रंग आपल्या झेंड्याच्या हिरव्याशी जुळत नाही या विषयावर एक तास चाळीस मिनिटं चर्चा झाली. मी सांगितलं की डबा खाऊन झाला की रोज तीस-पस्तीस मुलं माझ्याकडे येतात, त्यातल्या निम्म्यांच्या घरी एकही पुस्तक नाही, ती पुस्तकं वाचतातच असं नाही, पण त्यांना कुणी हाकलत नाही अशी ती गावातली एकच जागा आहे. माझा आवाज जरा कापला. ते खोटं नव्हतं रे, मला खरंच भरून आलं होतं. आणि तेवढ्यात टब्ससाहेबांनी पंचाची शिट्टी वाजवली. (बैठकीची घंटा गेल्या वर्षी हरवली, नवी घ्यायला पैसे नाहीत.) ड्वेन मोठ्या प्रेमाने म्हणाला, "ताई, पुस्तकं काय, कुठेही बसून वाचता येतात. कीर्ती दहादा हलवली की पातळ होते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. निर्णय आता २७ तारखेच्या सोमवारी आहे.

असो. तुला हे सगळं कळवून उगाच तुझा गुडघा दुखवायचा हेतू नाही. मला तुझ्याकडून काही नको. बहीण म्हणून मन मोकळं केलं इतकंच. वहिनीला गरम सूप दे, आणि तूही जिना सांभाळून उतर.

तुझी धाकटी बहीण,
डोरीन

ता. क. एक अगदी बारीकशी गोष्ट राहिली. सोबत एक फॉर्म जोडला आहे. काल ड्वेन घरी आला होता, त्याच्या आईच्या हातचे खसखस भरलेले गोड पाव, ते कोलाचे, घेऊन. बराच वेळ हवापाणी झालं आणि मग त्याने स्टेडियममधल्या बाबांच्या खुर्च्यांचा विषय काढला. बारावी रांग, सात आणि आठ नंबर, बरोबर मध्यरेषेसमोर. बाबांनी मृत्युपत्रात घर मला दिलं आणि त्या दोन खुर्च्या तुला, तेव्हा अख्खं गाव माझ्या सांत्वनाला आलं होतं, आठवतं? तू ओरेगनला गेल्यापासून सहा वर्षं दर हंगामाचे नुसते पैसे भरतोस आणि त्या रिकाम्या राहतात. ड्वेनची सासू चौदा वर्षं एकतिसाव्या रांगेत खांबामागे बसते आहे, आणि घरी आल्यावर सामना कसा झाला ते ड्वेनलाच विचारते. तू त्या खुर्च्या त्याच्या नावावर करून दिल्यास तर तो सोमवारी ठराव मागे घेईल आणि कपाट परत प्रवेशदालनात नेईल, असं त्याने कोलाच्यावर हात ठेवून शपथेवर सांगितलं. तेव्हा नोटरीसमोर सही करून फॉर्म लगेच पाठव. दोन खुर्च्यांच्या बदल्यात नऊ हजार पुस्तकं, दादा. यात विचार करण्यासारखं काय आहे?

ता. क. (शनिवार) पत्र काल टाकायचं राहिलं. पोस्टाची तिकिटं घ्यायला औषधाच्या दुकानात गेले तर दारावर पाटी: "मॅचला गेलो आहे. उद्यापर्यंत कोणी आजारी पडू नये." मग म्हटलं, जी वस्तू आपण देतो आहोत ती कुठल्या अवस्थेत आहे ते पाहून घ्यावं, उगाच मागाहून ड्वेनची तक्रार नको. म्हणून केवळ तपासणीसाठी पाच मिनिटं स्टेडियममध्ये गेले. खुर्च्या बऱ्या आहेत. आठ नंबरच्या हातावर बाबांनी चाकूने कोरलेलं त्यांचं नाव अजून आहे. सात नंबर तुझी. मी त्या दोन्हींवर कधीच बसले नव्हते, हे तुझ्या कधी लक्षात आलंय का? बाबा दर शुक्रवारी तुला न्यायचे आणि मी आईबरोबर टोमॅटो धुवायची. मोठी झाल्यावर मीच म्हणायला लागले की मला तो खेळ आवडत नाही. असो. मी बाबांच्या खुर्चीवर बसले आणि तुझ्या खुर्चीवर पर्स ठेवली. शेवटचे चाळीस सेकंद उरले होते, आपण सहा गुणांनी मागे, चौथा आणि अखेरचा प्रयत्न, आणि तो मठ्ठ प्रुइट चेंडू मधूनच पळवायला सांगत होता. अरे, उजवी कड मोकळी पडली होती, आंधळ्यालासुद्धा दिसत होती! मी उभी राहून ते त्याला कळवलं. मी पंचालाही दोन गोष्टी सांगितल्या, त्या पत्रात लिहिता येण्यासारख्या नाहीत. चेंडू उजव्या कडेलाच गेला. टचडाउनचे सहा आणि वरच्या किकचा एक, एका गुणाने जिंकलो. यंदा सातपैकी सहा! गुणफलकावर तो टचडाउन अकरा वेळा दाखवला, आणि खरं सांगते, लहान पडद्यावर त्याची मजा गेली असती. माझा आवाज पूर्ण बसला आहे, हे तू वाचतोयस म्हणून बरं, फोनवर काही कळलं नसतं.

ता. क. (रविवार) पहिला फॉर्म फाडून टाक. सोबत दुसरा जोडला आहे, त्यात मी माझं नाव आधीच घालून ठेवलं आहे, तू फक्त सही कर. ड्वेनच्या सासूला खांबाची सवय झाली आहे, या वयात सवयी मोडू नयेत. पुस्तकांची तू काळजी करू नकोस. शेडमागची खोली तितकीशी वाईट नाही, जरा उजेड कमी आहे एवढंच, आणि मुलांना चालणं चांगलं. गळती पाच ठिकाणी आहे आणि बादल्या माझ्याकडे तीन आहेत, तेव्हा जमलं तर फॉर्मबरोबर दोन बादल्यांचे पैसे पाठव. शाळेकडे मागितले असते, पण हंगाम ऐन भरात आलाय, अशा वेळी त्यांना नसत्या खर्चात कशाला पाडायचं?